गंज कुणाच्या खात्यावर? पिकअपची चेसिस, वॉरंटी आणि रिकॉलचा हिशोब

पॉडकास्टचा हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जे 'म्हणजे ना', 'तर मग' येतं ते थोडं कमी केलंय, बाकी सगळं तसंच.

आजचा विषय आहे गंज. तोही साधा नाही, पिकअप गाडीच्या चेसिसचा. मला माहितीये, तुमच्यातल्या निम्म्या लोकांकडे स्कूटर आहे आणि उरलेल्यांकडे पीएमपीचा पास. पण आपण कर्वेनगरात राहतो. सकाळी साडेसहाला डीपी रोडवर उभं राहून बघा. मार्केट यार्डातून आलेली भाजी, दुधाचे क्रेट, सिलिंडर, वाळू-सिमेंट, मंडपाचे बांबू, शिफ्टिंगवाल्यांची कपाटं, सगळं पिकअपवरून चाललेलं असतं. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा मालक आणि ड्रायव्हर एकच माणूस असतो. त्याच्या घराचा हप्ता, मुलीची फी, गाडीचं कर्ज, सगळं त्या चार चाकांवर. त्यामुळे ती गाडी खालून सडली, तर प्रश्न रंगाचा राहत नाही, घराचा होतो.

आधी एक गोष्ट: दरवाजाचा गंज वेगळा, चेसिसचा वेगळा

आपल्या साध्या कारमध्ये बॉडी हाच सांगाडा असतो. पिकअपचं तसं नसतं. खाली एक शिडी असते, अक्षरशः शिडी. दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. हिला चेसिस म्हणतात, गॅरेजमध्ये 'चासी'. इंजिन या शिडीवर, केबिन या शिडीवर, मागचा हौदा या शिडीवर. पाटे हिलाच लटकलेले, ब्रेकचे पाइप हिच्याच अंगावरून गेलेले, स्टेपनी हिच्याच पोटाखाली.

म्हणून फाळक्याला गंज लागला तर गाडी वाईट दिसते. दरवाजा खालून सडला तर पाणी आत येतं. पण चेसिसला भोक पडलं तर दीड टन माल घेऊन घाट उतरताना काय होईल, याचा विचार करावा लागतो.

गंज चढतो कसा?

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज सुरू. शाळेत शिकलोय. शाळेत जे नीट सांगत नाहीत ते हे: गंज म्हणजे छोट्या बॅटरीसारखा प्रकार आहे. पत्र्याच्या एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे विजेचा बारीक प्रवाह वाहतो आणि त्यात लोखंड झिजतं. साध्या पाण्यातून हा प्रवाह जेमतेम जातो. त्यात मीठ मिसळलं की मस्त जातो. म्हणून मीठ हा पिकअपचा एक नंबरचा शत्रू.

दुसरी गोष्ट. ॲल्युमिनियमवर जो थर बसतो तो घट्ट असतो, आतल्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, त्याचे पोपडे निघतात, आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं. म्हणजे हा थांबणारा प्रकार नाही.

तिसरी गोष्ट जागेची. चेसिसच्या पट्ट्या बऱ्याचदा आतून पोकळ असतात. चिखल आत जातो, पाणी बाहेर पडायची भोकं बुजतात, आणि आत आठवडाभर ओल राहते. बाहेरून काळा रंग छान दिसतो. आतून काम चालू.

आता आपल्याकडचं बघा. पुण्याची हवा तशी कोरडी. नुसतं शहरात फिरणाऱ्या गाडीला गंज सावकाश चढतो. पण तीच गाडी ताम्हिणीतून कोकणात जाऊन मासळी आणते तेव्हा गणित बदलतं. खारा वारा आहेच, वर क्रेटमधला बर्फ वितळून खारं पाणी हौद्याच्या सांध्यांतून थेट चेसिसवर टपकतं. रोज. खताची पोती, मिठाची पोती, शेण, हे सगळं त्याच जातीचं. शिवाय हौद्यात प्लायवूड नाहीतर रबराची मॅट टाकलेली असते, तिच्याखाली ओल धरून राहते. अमेरिकेत रस्त्यावरचं बर्फ वितळवायला मीठ टाकतात. आपल्याकडे रस्त्यावर मीठ नाही, पण मालात आहे.

कंपन्या काय करतात: टोयोटाची गोष्ट

आता मुद्द्याची गोष्ट. चेसिस गंजली तर कंपनी काय म्हणते? जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आहे टोयोटाच्या पिकअपचं, आणि ते टप्प्याटप्प्याने समजून घेण्यासारखं आहे.

टोयोटा टकोमा ही अमेरिकेतली अतिशय लोकप्रिय पिकअप, १९९५ मध्ये बाजारात आली. काही वर्षांनी, मुख्यतः बर्फाळ भागात, तिच्या चौकटी इतक्या सडायला लागल्या की हातोडीने ठोकलं तर भोक पडावं. २००८ मध्ये टोयोटाने १९९५ ते २००० या काळातल्या आठ लाखांहून जास्त टकोमांना गंजून भोक पडण्याविरुद्ध १५ वर्षांची वॉरंटी दिली, किलोमीटरची अट न ठेवता. ज्या गाड्या फारच सडल्या होत्या त्या कंपनीने परत विकत घेतल्या, आणि त्याही बाजारभावाच्या दीडपट किमतीने. जुन्या, सडलेल्या गाडीला दीडपट! तिकडच्या मालकांचाही आधी विश्वास बसला नसेल.

पुढे २००९ मध्ये टोयोटाच्याच टुंड्रा या मोठ्या पिकअपचं रिकॉल झालं. २००० ते २००३ ची मॉडेलं, सुमारे १ लाख १० हजार गाड्या, थंडीची २० राज्यं. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या, पुढे कामाला येणार आहे. रिकॉलचं कारण 'गाडी गंजली' असं नव्हतं. कारण होतं: गंजामुळे चालत्या गाडीखालची स्टेपनी रस्त्यावर पडू शकते आणि मागच्या ब्रेकचा पाइप निकामी होऊ शकतो. म्हणजे कायद्याला गंजाशी घेणं नसतं, गंजामुळे काय तुटतं याच्याशी असतं.

मग प्रश्न आला, चूक कुणाची? चौकटी पुरवल्या होत्या डाना नावाच्या अमेरिकन कंपनीने. त्यांच्यावर गंजरोधक प्रक्रिया नीट झाली नव्हती, असं टोयोटाचं म्हणणं. २०११ मध्ये डानाने टोयोटाला अडीच कोटी डॉलर देऊन तो वाद मिटवला.

पण नव्या मॉडेलांच्याही तक्रारी येत राहिल्या. मालक एकत्र आले, सामूहिक खटला दाखल झाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये तडजोड पुढे आली. सुमारे १५ लाख गाड्या, टकोमा, टुंड्रा आणि सिकोया. पहिल्या विक्रीपासून १२ वर्षांपर्यंत मोफत तपासणी, आणि ठरलेल्या निकषापेक्षा जास्त सडली असेल तर पूर्ण चौकट बदलून. एका गाडीचा खर्च साधारण १५ हजार डॉलर धरला होता, आणि सगळा मिळून अंदाज होता ३४० कोटी डॉलरपर्यंत. टोयोटाने आपली चूक मान्य केली नाही. तडजोड केली. कोर्टाच्या भाषेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ब्रिटनमध्ये निसान नवाराच्या चौकटी गंजून मोडल्याच्या तक्रारी आल्या, टीव्हीवर गाजल्या. तिथेही शेवटी तपासणी, दुरुस्ती आणि फार वाईट गाड्या परत घेणं, असाच मार्ग निघाला.

पायऱ्या ओळखा

ही प्रकरणं वाचताना मला एक जिना दिसतो. कंपनी सहसा खालच्या पायरीवर उभी असते आणि वर ढकलावी लागते.

पहिली पायरी: 'तुम्ही गाडी नीट ठेवली नाही.' कधीकधी हे खरंही असतं.

दुसरी: जो जास्त आरडाओरडा करेल त्याला गुपचूप थोडी सूट. बाकीच्यांना पत्ता नाही.

तिसरी: जाहीरपणे वाढीव वॉरंटी आणि तपासणी मोहीम. तपासणीत पास झालेल्या चौकटीवर मेणासारखा गंजरोधक थर मारून देतात.

चौथी: रिकॉल. इथे सरकारी यंत्रणा आली, आता ही मेहरबानी राहिली नाही.

पाचवी: चौकट बदलून देणं किंवा गाडी परत घेणं.

आणि सहावी, सगळ्यात शांत पायरी: पुढच्या मॉडेलची रचनाच बदलणं. जस्ताचा थर दिलेला पत्रा वापरणं, पाणी निघून जायला जास्त भोकं ठेवणं, पोकळ पट्टीत आतून मेण फवारणं. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० पिकअपची बॉडीच ॲल्युमिनियमची केली, मुख्यतः वजन कमी करायला. चौकट मात्र तिचीही पोलादाचीच राहिली.

पहिल्या पायरीवरून कंपनी वर सरकते ती एकाच पुराव्याने. एका माणसाची गाडी सडली तर देखभालीचा दोष म्हणता येतो. पण शंभर वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या माल वाहणाऱ्या गाड्या एकाच मॉडेलच्या आणि एकाच जागी सडल्या, तर दोष मालकांचा कसा? नमुना दिसायला लागतो. आणि नमुना दिसायला तक्रारी एका ठिकाणी जमा व्हाव्या लागतात. अमेरिकेत रस्ते-सुरक्षा यंत्रणेकडे अशा तक्रारी नोंदवता येतात आणि कुणालाही वाचता येतात. सगळा खेळ तिथे आहे.

कारखान्यात काय होतं?

कंपन्यांना गंज कळत नाही असं अजिबात नाही. चौकट आधी धुतात, मग फॉस्फेटचा थर देतात, मग रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडतात. विजेमुळे रंग कानाकोपऱ्यात ओढला जाऊन बसतो. याला ईडी कोटिंग म्हणतात. चाकण-भोसरीत कामाला जाणारं कुणी घरात असेल तर विचारा, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

मग तपासतात. नमुना एका बंद पेटीत ठेवतात, ३५ अंश तापमान, आणि ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा, शेकडो तास. चाचणी जगभर चालते. पण तिच्यात सतत ओलंच असतं. खरी गाडी मात्र भिजते, वाळते, पुन्हा भिजते, दगडाचा मार खाते, रंगाचा टवका उडतो. म्हणून आता ओलं-कोरडं आलटून पालटून करणाऱ्या चाचण्याही घेतात.

आणि इथे आपल्या शेजारचीच गोष्ट. एआरएआय टेकडीवर आपण फिरायला जातो, सूर्योदयाचे फोटो टाकतो. ते नाव ज्या संस्थेचं, ती ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ पासूनची. देशातल्या गाड्यांना रस्त्यावर यायच्या आधी ज्या संस्थांचं प्रमाणपत्र लागतं, त्यातली ही एक महत्त्वाची. पण विचार करा, गाडी तपासली जाते तेव्हा ती नवी असते. दहाव्या पावसाळ्यात तिचं काय झालं, हे कुणाच्या वहीत लिहिलं जातं?

आपल्याकडे काय?

आपल्याकडे २०१२ मध्ये वाहन उद्योगाच्या संघटनेने, म्हणजे सियामने, स्वेच्छेने रिकॉल करायची पद्धत सुरू केली. मग २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, कलम ११०ए आलं, आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं. दंड १ कोटी रुपयांपर्यंत. वाहन पोर्टलवर मालकाला तक्रार नोंदवता येते, आणि ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की चौकशी सुरू होते.

पिकअपची रिकॉल आपल्याकडे होतच नाहीत असंही नाही. २०२१ मध्ये महिंद्राने आपल्या २९,८७८ पिकअप परत बोलावल्या होत्या, एका द्रवाच्या पाइपच्या जोडणीत दोष असल्याच्या शंकेने, आणि तो पाइप बदलून दिला. गंजाशी संबंध नव्हता, पण यंत्रणा चालू शकते हे दिसलं.

मग अडतं कुठे? सक्तीच्या रिकॉलचा नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहे. आणि गंज? तो निवांत येतो. टोयोटाच्या प्रकरणात मुदत १२ वर्षं आणि १५ वर्षं ठेवावी लागली, ती उगाच नाही. चेसिस आतून सडल्याचं कळतं तेव्हा आपल्याकडची गाडी बहुतेक वेळा कायद्याच्या खिडकीतून बाहेर पडलेली असते. माझ्या मते हा नियमातला खरा खड्डा आहे. इंजिनाच्या पाइपसाठी सात वर्षं ठीक आहेत. चौकटीसाठी वेगळी, लांब मुदत हवी.

वॉरंटीचं पुस्तकही वाचा. गंजाबद्दल कलम असेल तर 'परफोरेशन' हा शब्द शोधा. त्याचा अर्थ आतून बाहेरपर्यंत आरपार भोक. वरवरचा गंज त्यात धरत नाहीत. आणि बऱ्याच पुस्तकांत गंज सरळ वगळलेलाच असतो.

एका श्रोत्याचा प्रश्न

मागच्या महिन्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. वडिलांची पिकअप नऊ वर्षांची. मेकॅनिक म्हणतो चासीला पॅच मारू, सर्व्हिस सेंटर म्हणतं वॉरंटी संपली, आणि काका म्हणतात काळा रंग मारून विकून टाका. काय करायचं?

एकेक करून घेऊ.

पॅचचं उत्तर जागेवर अवलंबून आहे. पाटे जिथे लटकतात, स्टिअरिंग जिथे बसतं, आडवे दांडे जिथे जोडलेत, तिथे भोक असेल तर वरून पत्रा वेल्ड करून चालणार नाही. बाजूचं लोखंडही पातळ झालेलं असतं, वेल्डिंग धरतच नाही, आणि वरून भोक मात्र दिसेनासं होतं. इथे दुसऱ्या जाणत्या माणसाचं मत घ्याच. पूर्ण चेसिस बदलायची तर चेसिस नंबर त्याच पट्टीवर कोरलेला असतो, म्हणून आधी आरटीओची परवानगी आणि कागदपत्रं. तो खर्च आणि गाडीची किंमत शेजारी मांडून बघा.

कंपनीचं म्हणाल तर नऊ वर्षांनंतर सक्तीचा रिकॉल नियम लागू नाही. तरी लेखी विचारा, फोटोसकट, आणि पोच घ्या. लिहिताना 'गाडी गंजली' एवढंच लिहू नका. टुंड्रा आठवा. 'ब्रेकच्या पाइपचा आधार सुटला', 'पाट्याचा हँगर हलतोय' असं काय धोक्यात आलंय ते लिहा. त्याच मॉडेलच्या अजून चार मालकांना विचारा. एकाच जागी सडल्या असतील तर पाचही तक्रारी एकत्र पाठवा.

ग्राहक आयोगाबद्दल एक गैरसमज आहे की धंद्याच्या गाडीला ग्राहक कायदा लागत नाही. २०१९ च्या कायद्यात, जो माणूस स्वयंरोजगारातून पोट भरायला वस्तू घेतो तो ग्राहकच आहे. स्वतः गाडी चालवणारे बाबा त्यात बसतात. वीस गाड्यांचा ट्रान्सपोर्टवाला सहसा बसत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायला हवं. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. मी केस जिंकाल असं म्हणत नाही. दार बंद नाही एवढं सांगते.

आणि काळा रंग मारून विकण्याबद्दल. कायद्यात काय बसतं ते सोडा. ती गाडी कोण घेणार? ज्याला नवी परवडत नाही तो. म्हणजे कारखान्यात राहिलेली त्रुटी हात बदलत बदलत सगळ्यात कमी पैसे असलेल्या माणसाच्या खाली जाऊन मोडणार. विकायची तर सांगून विका, नाहीतर भंगारात घाला. किंमत कमी येईल. येऊ दे.

गाडी वाचवायची असेल तर

कोकणातून किंवा मासळीचा माल उतरवून आलात की त्याच दिवशी खालून साध्या पाण्याने धुवा. वरून चकाचक करून उपयोग नाही.

चेसिसच्या पट्टीतली भोकं तारेने मोकळी ठेवा. ती पाणी जायलाच असतात.

हौद्यातली मॅट महिन्यातून एकदा उचलून वाळवा. मासळीसाठी पाणी न गळणारे क्रेट वापरा.

गंजावर सरळ अंडरबॉडी कोटिंग मारू नका. आधी खरवडा, वाळवा, प्रायमर द्या, मगच. नाहीतर ओल आत कोंडली जाते आणि पैसे देऊन गंज पाळल्यासारखं होतं.

जळकं ऑइल फासायची जुनी पद्धत आहे. त्याने रबराचे बुश खराब होतात, धूळ चिकटते, आणि पावसात ते सगळं नदीत जातं. पोकळ पट्टीत फवारायचं मेण मिळतं, ते बरं.

सेकंडहँड घेताना मोबाइलचा टॉर्च लावून गाडीखाली जा. छोटी हातोडी घेऊन ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर थांबा. चेसिसवर ताजा काळा रंग आणि बाकी गाडी जुनी, असं दिसलं की विचारा, हा रंग का मारला? फिटनेस सर्टिफिकेट आहे म्हणून गप्प बसू नका. आठ वर्षांपर्यंत ते दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावं लागतं, पण पोकळ पट्टीच्या आत काय चाललंय ते कागदावर दिसत नाही.

आणि हे सगळं कधी करायचं ते लक्षात ठेवायची सोपी युक्ती. दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, लिंबू ठेवतो. पावसाळा तेव्हा नुकताच सरत आलेला असतो. हार घालायच्या आधी एकदा गाडीखाली वाकून बघा, चार फोटो काढा, तारखेसकट ठेवून द्या. दरवर्षी तेच चार कोपरे. उद्या कंपनीशी बोलायची वेळ आली, तर 'आधी असं नव्हतं' म्हणण्यापेक्षा हे फोटो भारी पडतात.

तुमच्या घरच्या किंवा ओळखीच्या पिकअपचा असा काही अनुभव असेल तर मॉडेल, साल, कुठला माल वाहते आणि कुठे सडली, एवढं लिहून पाठवा. नाव नको. पुरेशी माहिती जमली तर एकाच जागी सडणाऱ्या गाड्यांचा नमुना दिसतो का, ते पुढच्या एखाद्या भागात मांडीन. आणि हा भाग पिकअप चालवणाऱ्या एका तरी माणसाला पाठवा. भेटू पुढच्या भागात!